पितळी बिल्ला आणि दोराचे शेपूट

मी एक जुना दोर आहे, आणि बालमित्रांनो, माझ्या गळ्यात पितळेचा बिल्ला आहे. त्यावर 'तपासले, योग्य' अशी अक्षरे ठोकलेली आहेत. असा दाखला मिळालेला दोर तुम्ही पाहिला नसेल. लोक बिल्ला हातात घेऊन कौतुक करतात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते सांगतो. माझ्यासारख्या काथ्याच्या जिवाला कोणी बोलू देत नाही. आज बोलायला मिळाले आहे, तर सगळे सांगूनच टाकतो.

माझा जन्म सातपाटीचा. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात कुजवून, दगडावर बडवून त्यांचा काथ्या करतात. तो काथ्या काशीबाई नावाच्या एका म्हाताऱ्या कोळणीने वळला आणि मी झालो. पीळ देताना ती भजन म्हणत असे. टाळ नव्हते, मृदंग नव्हता, मागे समुद्राची गाज होती तेवढीच. पण माझ्या तिन्ही पदरांत ते भजन असे काही बसले की तेव्हापासून कुठे कीर्तन उभे राहिले की माझे अंग आपोआप ताणले जाते. त्याला माझा इलाज नाही.

काशीबाईच्या अंगणातले माड दर वर्षी सुका नावाचा गडी साफ करून द्यायचा. सुका पालघरच्या पूर्वेच्या पाड्यावरचा वारली. त्याचा बाप झाडावर चढायचा, आजाही चढायचा. वाळलेली फांदी उतरवणे, घरावर झुकलेले झाड हलके करणे, बांडगुळे काढणे, हे त्यांचे काम. म्हातारपणी काशीबाईने मला त्याच्या खांद्यावर टाकले आणि म्हणाली, "ने रे. मासळीला जाल्यांचे दोर हायेत. हा तुझ्यासाठी वळलाय."

आता दोराचे काम कसे चालते ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ इथेच आहे. माझे एक टोक सुकाच्या कमरेला. तिथून मी वर जातो, मजबूत बेचक्यातून पलीकडे उतरतो आणि खाली जमिनीवर येतो. खालच्या टोकाला 'शेपूट' म्हणतात. सुका जसा सरकेल तसे शेपूट सैल सोडायचे, तो थांबला की आवरायचे, पाय निसटला की बुंध्याला वेढा देऊन जागच्या जागी धरायचे. वरचा माणूस पानांत दिसत नाही. त्याचे वजन कुठल्या पायावर आहे, तो दमला आहे की घाबरला आहे, हे सगळे खालच्या माणसाला माझ्या अंगातून कळावे लागते.

म्हणून त्यांच्या घरात पिढ्यांची रीत अशी, की शेपूट परक्याच्या हातात द्यायचे नाही. ज्याचे घर त्या माणसाच्या पडण्याने मोडेल, त्यानेच ते धरायचे. सुकाचे शेपूट त्याची बायको बायडी धरत असे.

ती काही लग्न होऊन आली आणि धरायला लागली असे नाही. तिची सासू बुधी भारी कडक. वर माणूस असताना तिने सुनेला आधी मला हातच लावू दिला नाही. झाडाच्या बेचक्यातून मला ओवले, टोकाला पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी बांधली आणि म्हणाली, "उतरव." थेंब सांडला की पुन्हा भरायची, पुन्हा चढवायची. बायडी रडली, चिडली, एकदा तर कळशी लाथेने उडवून माहेरी जायला निघाली. बुधी पाटावरून उठलीसुद्धा नाही. "जा. पण माझा पोरगा कळशीपेक्षा जड हाय, एवढं ध्यानात ठेव." बायडी परत फिरली. कळशी साधल्यावर ओंडका आला, ओंडक्यानंतर हलता माणूस. एक पूर्ण पावसाळा ताडपत्रीखाली आणि दुसरा पावसाळा झाडाखाली घालवल्यावर बुधीने माझे शेपूट तिच्या हातात दिले. मित्रांनो, याला शिक्षण म्हणतात की नाही, ते तुम्हीच सांगा.

मग तारापूरला विजेच्या मोठ्या केंद्राचे काम सुरू झाले. साठ साल उलटून काही वर्षे झाली होती. बोईसर स्टेशनावर माणसे आणि यंत्रे उतरू लागली. रस्ते रुंद झाले, कर्मचाऱ्यांच्या घरांकडे तारा निघाल्या आणि त्या तारांच्या वाटेत आंबे, जांभळे, चिंचा आल्या. फांद्या छाटायचे काम एका ठेकेदाराकडे गेले. त्याचा ओव्हरसीअर नरहरीराव. माणूस वाईट नव्हता हो. उन्हात उभा राहायचा, मजुरांना ताक पाजायचा. फक्त कागदावर जे नाही ते जगातही नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

सुरुवातीला कोणालाही कोयता देऊन वर चढवले. ती झाडे पाहून मला रडू फुटायचे. फांदी तोडताना आधी खालून घाव घालावा लागतो, नाही तर ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल कमरेपर्यंत सोलत नेते. न्हाव्याकडे बसताना तुम्ही विचारता ना, बाबा रे, वस्तरा धरता येतो का? झाडाच्या बाबतीत कोणीच काही विचारीना. शेवटी एक गडी पडून हात मोडून बसला, तेव्हा वरून हुकूम आला: परीक्षा घ्या, दाखला द्या, दाखला असेल त्यालाच झाडावर चढवा आणि त्यालाच कसबी माणसाची मजुरी द्या.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वाटले, चला, देवाने डोळे उघडले.

पालघरच्या मैदानात परीक्षा ठेवली. आम्ही तिघे गेलो, सुका, बायडी आणि त्याच्या खांद्यावर मी. मैदानात झाड कुठेच नव्हते. विजेचा एक खांब पुरला होता आणि त्याच्याभोवती फक्कीने पांढरे वर्तुळ आखले होते. परीक्षा घेणाऱ्या साहेबांजवळ चढण्याची जी काही नियमावली होती, ती खांबावर चढणाऱ्यांची होती. झाड काय, खांब काय, दोन्ही उभेच असतात!

सुकाने खांबाला हात लावून नमस्कार केला. चढण्याआधी झाडाला विचारायची त्याची सवय होती. मग मागे वळून म्हणाला, "ये गं."

बायडीने वर्तुळात पाय टाकला तशी साहेबांनी शिट्टी फुंकली. "ए बाई, बाहेर! परीक्षा एकट्याची असते."

"शेपटाला ती पायजे, साहेब," सुका म्हणाला.

"कसले शेपूट?"

"दोराचं."

"दोर घे, हरकत नाही. बाई नको."

"मंग दोर कोन धरंल? तुमी?"

लोक हसले. साहेबांना ते आवडले नाही. सुका खांबावर चढला, त्याचे पाय माणसाच्या डोक्याच्या उंचीला पोहोचले आणि तो सावकाश खाली उतरला. "हितून वर धरणारं मानूस लागतं," तो म्हणाला. साहेबांनी लिहिले: 'उंचीची भीती'. ज्याचे अर्धे आयुष्य ताडांच्या शेंड्यावर गेले, त्याच्या नावापुढे हे दोन शब्द!

त्याच दिवशी प्रताप पास झाला. प्रताप किनाऱ्याकडच्या वाडीतला, चांगल्या घरातला, हसतमुख मुलगा. घरची माडांची बाग, त्यामुळे चढायची सवय होती. तो खारीसारखा खांबावर गेला आणि वरून टोपी हलवली. त्याचा दोष नव्हता. जे विचारले ते त्याने करून दाखवले.

त्यानंतर सुका आणि बायडी त्याच ठेक्यावर पालापाचोळा उचलू लागली. सुकाला बिगाऱ्याची मजुरी मिळे; बायडीला त्याच पाल्याचे त्याहून कमी, कारण ती बाई. मी त्यांच्या झोपडीत खुंटीवर पडून चडफडत होतो. बायडीला मजुरीपेक्षा दुसरीच गोष्ट खात होती. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पैसं कमी तर कमी. पन उद्या दाखला घेऊन तू चढशील, नि शेपटाला त्ये कोन्तरी बिडी वढत हुबं ऱ्हाईल. मंग मी पाला गोळा करू, का तुला?"

सुकाने चुलीत लाकूड सारले.

तारापूरजवळच्या एका वाडीत मारुतीचे देऊळ आहे, समोर मोठी चिंच. नव्या तारा तिथून गेल्या होत्या आणि चिंचेची एक दांडगी फांदी तारांवर आणि देवळापुढच्या मांडवावर झुकली होती. त्याच संध्याकाळी सप्ताह बसणार होता, रामनाथबुवांचे कीर्तन होते. फांदी दुपारपर्यंत उतरायला हवी होती. सुकाला त्या दिवशी ओंडके उतरवायला बोईसर स्टेशनावर धाडले होते. प्रतापने सकाळीच येऊन मला उसने नेले. "सुकादादा, ठेक्याचा दोर कुजलाय. तुझा दे."

"देतो. शेपटाला कोन?"

"साहेब बघतील."

साहेबांनी पाहिले. नरहरीरावांनी माझे शेपूट जीपच्या बंपरला बांधले! वर म्हणाले, "माणूस थकतो, गाडी थकत नाही." मित्रांनो, मी ओरडत होतो, पण दोराचा आवाज करकरीपलीकडे जात नाही. पाला गोळा करणारी बायडी तेवढी थांबली. "साहेब, गाडीला जीव नाय. तिला वरचं कसं कळंल?"

"तू तुझा पाला बघ."

प्रताप चढला. त्याने फांदीवर घाव घातले. फांदी करकरली आणि नरहरीरावांच्या ध्यानात आले की ती पडणार ती थेट जीपवर. ते ओरडले, "अरे, गाडी पुढे घे, पुढे घे!"

आणि ड्रायव्हरने घेतली.

ज्याला माणूस बांधला होता, तीच गाडी पुढे घेतली. मी ताणलो, प्रतापचे पाय फांदीवरून सुटले आणि तो वर, अगदी बेचक्याखाली जाऊन अडकला. माझी गाठ त्याच्या बरगड्यांत रुतली. त्याला ओरडताही येईना. फांदी रिकाम्या जागेवर पडली, धूळ उडाली, आणि ड्रायव्हर घाबरून गाडी झटक्यात मागे टाकणार, एवढ्यात बायडी धावत आली.

"हलू नको रं! मागं टाकलीस तर धोंड्यासारखा पडंल तो!"

नरहरीराव म्हणत होते, "मागे घे, मागे घे!" ती त्यांच्यावरही ओरडली, "तुमी गप ऱ्हावा!" आणि तिने माझ्यावर हात ठेवला. मी तारेसारखा ताणलेला होतो. तिने डोळे मिटले. माझ्या अंगातून तिला प्रतापची तडफड कळत होती. तो कुठे अडकला आहे तेही कळले. दुसरा हात तिने ड्रायव्हरसमोर धरला.

"हळू मागं. थांब. आता हळू."

"बोलो बाई, कितना?" बिचारा ड्रायव्हर विचारत होता.

"मुंगी चालंल तितका!"

जीप मुंगीसारखी मागे आली. मी तिच्या मुठीतून सरकत होतो आणि माझ्या काथ्याने तिचे तळहात सोलवटत होते. मला माझीच लाज वाटत होती. मध्येच प्रतापचा पाय एका फांदीत अडकला. खाली कोणाला दिसला नाही. बायडीने बोटे आवळली, "थांब! त्याला पाय काढू दे," आणि पुन्हा हात हलवला. प्रताप जमिनीवर आला तो भरलेल्या कळशीसारखा, एक थेंब न सांडता.

आता मला सांगा, या सगळ्यातून कोणाचे नाव व्हायला हवे होते?

नरहरीरावांनी वर कळवले: 'दोर मजबूत असल्यामुळे अपघात टळला.'

दोर! मी! ज्याने त्या पोराचा श्वास कोंडला तो मी!

आणि त्याहून लागलेली गोष्ट पुढेच आहे. संध्याकाळी कीर्तन उभे राहिले. मी देवळाच्या खांबाला टेकून पडलो होतो. रामनाथबुवांचा आवाज काय सांगावा! पूर्वरंगात नुसते 'विठ्ठल विठ्ठल' म्हटले तरी ऐकणाऱ्याच्या मनातली जळमटे झडावीत. उत्तररंगाला त्यांनी समुद्रमंथन घेतले. देव आणि दानव दोन्हीकडून ओढतात, मध्ये नागाचा दोर झालेला आहे, त्याचे अंग पर्वतावर घासते आहे, आणि शेवटी अमृताच्या पंक्तीत त्याला पानच नाही. बुवा मांडवात पुढे आले. म्हणाले, "मायबाप हो, आज आपल्या दारात एका दोराने एका लेकराला वाचवले. त्या नागाचे राहिलेले ऋण आज आपण फेडू या." असे म्हणून त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढला आणि माझ्या वेटोळ्यावर घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे टाळकऱ्यांनी गजर धरला.

बुवा, तुम्हीसुद्धा? ज्या टाळकऱ्यांच्या सुरावर तुम्ही उभे आहात, त्यांची तरी आठवण यायची होती. मागच्या रांगेत, मांडवाच्या कडेला, सोललेल्या हातांना हळद लावून बायडी बसली होती. प्रताप उठून म्हणाला, "बुवा, दोरानं नाही, वैनीनं..." पण गजरात ते वाहून गेले. बायडीला मात्र हसू आले. शेजारणीला म्हणाली, "हार घातला ते बरं झालं. शेंदूर नाय फासला. नाय तर उद्या फांदी कशानं उतरवली असती?"

कीर्तनावरची माझी माया आटली नाही. पण त्या हाराने मला जेवढे काचले, तेवढे कुठल्या फांदीने काचले नाही.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून माणसे आली. त्यांनी मला तपासले, माझ्यावर रेतीच्या गोण्या टांगल्या, पीळ मोजला आणि हा पितळी बिल्ला तारेने माझ्या टोकाला बांधला. तपासले, योग्य. माझ्यामागे दोन पावलांवर बायडी पाला भरत होती. तिला कोणी एवढेसुद्धा विचारले नाही, की बाई, तू ते कसे केलेस?

प्रताप मात्र अडून बसला. "साहेब, शेपटाला बायडीवैनी नसेल तर मी चढणार नाही. नि सुकादादानं मला आधी झाड शिकवायला हवं. मी खांब शिकलोय."

"दाखला तुझ्याजवळ आहे ना?"

"मग दाखला चढवा वर. नाही तर जीपला विचारा, चढतेस का."

काम अडले, तेव्हा नरहरीराव नरमले. पण बाईला कसबी म्हणून लिहायचे कुठे? त्यांच्या कागदात तशी जागाच नव्हती. दोन दिवस डोके खाजवून त्यांनी वाट काढली आणि मोठ्या खुशीत येऊन सांगितले, "बाई, तुला कसब्याची पूर्ण मजुरी मिळेल. फक्त ती 'दोराचे भाडे' म्हणून लिहू."

बायडीने पाल्याची टोपली खाली ठेवली. "म्हंजे कमावता दोर, नि मी त्याची बायको?"

"मंग मी कोन?" सुकाने विचारले.

"तू दिराच्या नात्यानं ऱ्हा."

हसले सगळे. नरहरीरावही हसले. पैसे मिळू लागले हे खरे, घरात दोन वेळचे नीट शिजू लागले हेही खरे. पण दर आठवड्याला ती अंगठा उठवायची तो माझ्या नावापुढे. मित्रांनो, मी त्यातला एक पैसाही खाल्लेला नाही, हे मारुतीची शपथ घेऊन सांगतो.

मग सुकाची पुन्हा परीक्षा झाली. तेच मैदान, तोच खांब, तेच फक्कीचे वर्तुळ. साहेबांनी नरहरीरावांचा कागद वाचला. चढणाऱ्याला तपासलेला दोर आत नेता येईल, असे त्यात होते. आणि बायडीची मजुरी दोरात लिहिलेली. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. दोर आत येऊ द्या."

अशी बायडी त्या वर्तुळात गेली. माणूस म्हणून नाही, माझा एक तुकडा म्हणून. सुकाने खांबाला नमस्कार केला, एकदा शेपटाकडे पाहिले आणि वर गेला तो थेट टोकापर्यंत. साहेबांनी मान डोलावली. "भीती गेली वाटते."

"व्हय," वरून सुका म्हणाला. "ती खाली दोर धरून हुबी हाय."

सुकाला दाखला मिळाला. मला बिल्ला होताच. बायडी अंग झटकून वर्तुळाबाहेर आली आणि पायांना लागलेली फक्की पुसत बसली.

समुद्रमंथनात ओढणाऱ्या देवांना अमृत मिळाले आणि दोर कोरडा राहिला. आमच्याकडे दोराला मिळाले आणि धरणारी कोरडी. देवाधर्माच्या गोष्टीत जी चूक झाली तिची माणसांनी दुरुस्ती केली म्हणावे, तर ती अशी!

आता माझा पीळ सुटला आहे. मी सुकाच्या अंगणात दोन खांबांना बांधलेला असतो, माझ्यावर लुगडी वाळतात. समोरच्या जांभळाखाली बायडी पाड्यावरच्या सुनांना आणि लेकींना शेपूट धरायला शिकवते. बुधीचीच रीत: आधी कळशी, मग ओंडका, मग माणूस. परवा एकीची कळशी हिंदकळली, तर बायडी पाटावरूनच ओरडली, "पुन्हा भर! तुझा दादला कळशीपेक्षा जड हाय." एखादी पोर पास झाली की बायडी तिच्या पाठीवर थाप मारते. दुसरा दाखला तिच्याजवळ द्यायला नाही.

वारा आला की माझा बिल्ला खांबावर आपटून टाळासारखा वाजतो. येणारे जाणारे विचारतात, हे काय? बायडी सांगते, "त्याला सरकारी दाखला हाय. लय शिकलेला दोर!" आणि लुगडे पिळून माझ्यावर टाकते.

मित्रांनो, दोर जरूर तपासा. झाडावर चढणाऱ्याला खांबावर नको, झाडावर शिकवा, झाडावर पारखा आणि त्याच्या जोखमीची मजुरी द्या. एवढे तुम्ही मोठे झाल्यावर कराल अशी आशा आहे. पण एक गोष्ट आजच करा. उंच झाडात कोणी दिसले की तुम्ही थांबून वर पाहता ना? पाहा, टाळ्याही वाजवा. मग दोरावरून नजर खाली आणा. दोर संपला तरी थांबू नका. तिथे दोन हात असतील. त्यांचे नाव विचारा, आणि ते जिथे लिहायचे तिथे, त्यांच्याच नावाने लिहा.